कॅरिबियनला जायचंय : आधी तारीख, मग वाट, मग बेट

ठाणे आणि नवी मुंबईतल्या वाचकांकडून कॅरिबियन बेटांबद्दल आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. बहुतेक पत्रांची सुरुवात हॉटेलच्या फोटोपासून होते आणि व्हिसाचा विषय शेवटच्या ओळीत येतो. हा क्रम उलटा हवा. महिना कोणता आणि मधला विमानतळ कोणता, हे आधी ठरवा. त्यानंतर बेट, आणि हॉटेल सगळ्यात शेवटी.

आम्ही चौघं आहोत. मुलांच्या शाळेमुळे मे महिना किंवा दिवाळी एवढेच पर्याय उरतात. एजंट म्हणतो, दिवाळीत पॅकेज स्वस्त आहे. काय करावं? – एक वाचक, नौपाडा, ठाणे

मे महिना घ्या, आणि 25 मेच्या आत परत निघा.

अटलांटिकमधल्या चक्रीवादळांचा अधिकृत हंगाम 1 जून ते 30 नोव्हेंबर असा असतो. त्यातही ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतचा काळ सर्वांत जोखमीचा. दिवाळी या हंगामाच्या शेपटाला येते. नोव्हेंबरमध्ये वादळाची शक्यता कमी होते, पण संपत नाही, आणि पावसाळी दिवस हमखास असतात. पॅकेज स्वस्त मिळतं ते म्हणूनच. खरा कोरडा हंगाम डिसेंबर ते एप्रिल. पण युरोप-अमेरिकेतले लोक थंडीला कंटाळून याच दिवसांत तिकडे येतात, त्यामुळे नाताळ ते मार्च दर चढे असतात. मे महिन्यात गर्दी ओसरलेली असते, दर उतरलेले असतात आणि वादळं सुरू व्हायची असतात. आपल्या शाळांच्या सुटीशी हे इतकं नेमकं जुळतं की तो फायदा सोडू नये.

सुटी जूनच्या मध्यापर्यंत आहे म्हणून जूनमध्ये जाऊ, असा विचार मात्र करू नका. 2024 च्या टी-ट्वेंटी विश्वचषकाची अंतिम लढत भारताने 29 जूनला बार्बाडोसच्या ब्रिजटाऊनमध्ये जिंकली आणि लगेच बेरील वादळामुळे तिथला विमानतळ बंद झाला. संघ काही दिवस हॉटेलातच अडकला. मरीन ड्राइव्हवरची मिरवणूक निघाली ती 4 जुलैच्या संध्याकाळी. त्यांना आणायला खास विमान गेलं. आपल्याला हॉटेलच्या वाढीव रात्री आणि नवं तिकीट स्वतःच्या खिशातून भरावं लागतं.

हंगामातच जावं लागणार असेल, तर दक्षिणेकडच्या बेटांचा विचार करा. अरुबा, बोनेअर आणि कुरासाव ही तीन बेटं व्हेनेझुएलाच्या किनाऱ्याजवळ, वादळांच्या नेहमीच्या वाटेच्या खाली आहेत. अरुबात पाऊस इतका कमी की रानात निवडुंगच दिसतात. ग्रेनेडाही दक्षिणेला आहे, पण त्याला निर्धास्त मानू नका. 2004 मध्ये आयव्हन वादळाने ते बेट उद्ध्वस्त केलं आणि 2024 मध्ये बेरीलने त्याच देशातल्या कॅरियाकू बेटाची तीच गत केली.

प्रवासविमा तिकिटाबरोबरच काढा. एखाद्या वादळाला नाव मिळालं, की त्यानंतर काढलेल्या विम्यात त्या वादळामुळे झालेलं नुकसान सहसा धरलं जात नाही. पॉलिसीत प्रवास रद्द होणं, प्रवास लांबणं आणि वैद्यकीय कारणासाठी दुसऱ्या देशात हलवणं, ही तिन्ही कलमं आहेत का ते पाहा. लहान बेटांवर मोठी शस्त्रक्रिया होत नाही, रुग्णाला विमानाने हलवावं लागतं, आणि सर्वांत मोठा खर्च तोच असतो.

बार्बाडोसला भारतीयांना व्हिसा लागत नाही असं वाचलं. म्हणजे फक्त पासपोर्ट घेऊन निघता येईल? – एक वाचक, खारघर

बार्बाडोसला लागत नाही हे खरं. ग्रेनेडा, डॉमिनिका, जमैका आणि त्रिनिदाद-टोबॅगो इथेही भारतीय पर्यटकाला आधी व्हिसा काढावा लागत नाही. नियम बदलत असतात, म्हणून तिकीट काढायच्या आठवड्यात त्या देशाच्या अधिकृत संकेतस्थळावर पुन्हा पाहा. पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने हवी. परतीचं तिकीट आणि राहण्याचं बुकिंग छापून हातात ठेवा, आणि त्या देशाचा ऑनलाइन प्रवेश-फॉर्म निघण्याआधी भरा.

लोक अडतात ते वाटेत. मुंबईहून कॅरिबियनला थेट विमान नाही. मधला थांबा लंडन, ॲमस्टरडॅम किंवा अमेरिकेतलं एखादं शहर असतो, आणि तिथला नियम वेगळा असतो.

अमेरिकेतून जाणार असाल तर तिथे ‘विमानतळाच्या आतल्या आत विमान बदलणं’ ही सोयच नाही. प्रत्येक प्रवाशाला इमिग्रेशनमधून बाहेर यावं लागतं, बॅगा उचलून पुन्हा द्याव्या लागतात. त्यामुळे दोन तासांच्या थांब्यालाही अमेरिकेचा व्हिसा हवाच. तो आधीच पासपोर्टवर नसेल, तर केवळ थांब्यासाठी त्याच्या मुलाखतीच्या रांगेत उभं राहू नका.

लंडनमधून जायचं तर भारतीय पासपोर्टला आतल्या आत विमान बदलण्यासाठीही ट्रान्झिट व्हिसा लागतो. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडचा वैध व्हिसा असणाऱ्यांना काही अटींवर सूट आहे. त्या अटी आपल्या तिकिटाशी ताडून बघा. आणखी दोन गोष्टी इथे नडतात. एक म्हणजे हीथ्रोला उतरून गॅटविकहून पुढचं विमान. मधे शहरातून जावं लागतं, म्हणजे ब्रिटनमध्ये प्रवेश करावा लागतो, आणि आतल्या आत बदलण्याचा व्हिसा तिथे चालत नाही. दुसरी म्हणजे स्वस्त पडतं म्हणून मुंबई-लंडन आणि लंडन-ब्रिजटाऊन अशी दोन वेगळी तिकिटं काढणं. तेव्हा बॅगा पुढे परस्पर जात नाहीत, त्या बाहेर येऊन घ्याव्या लागतात, पुन्हा तोच प्रश्न. शिवाय पहिलं विमान उशिरा पोहोचलं तर दुसरी कंपनी जबाबदारी घेत नाही.

आमचा सल्ला असा : एकाच तिकिटावर, एकाच विमानतळावर बदल होईल असा मार्ग घ्या. तसा मिळत नसेल, तर ब्रिटनचा नेहमीचा सहा महिन्यांचा पर्यटक व्हिसा काढा. तो महाग पडतो, पण जाता-येता दोन्ही वेळा चालतो आणि परतताना लंडनला दोन रात्री थांबताही येतं. मुंबई-लंडन सुमारे दहा तास आणि लंडन-बार्बाडोस सुमारे नऊ तास, मधला थांबा वेगळा. ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर त्या दोन रात्री वाया जात नाहीत.

अरुबा आणि कुरासावसाठी नेदरलँड्सचा कॅरिबियन व्हिसा लागतो. अमेरिका, कॅनडा किंवा शेंगेनचा (युरोपातल्या बहुतेक देशांचा सामायिक) वैध बहुप्रवेशी व्हिसा असेल तर त्यातून सूट मिळते. मार्टिनिक आणि ग्वादलूप ही बेटं फ्रान्सची असली तरी शेंगेन क्षेत्राबाहेर आहेत, त्यांचा व्हिसा वेगळा मागावा लागतो. शेंगेन व्हिसा आहे म्हणून तिकीट काढून बसू नका.

खारघरला राहता म्हणून एक छोटी सूचना. आता आपल्याकडे दोन विमानतळ आहेत. तिकिटावर बीओएम म्हणजे सहार आणि एनएमआय म्हणजे नवी मुंबई. देशातल्या एखाद्या शहरातून पुढे जाणारं तिकीट असेल तर जाताना एक आणि येताना दुसरा असं होऊ शकतं. गाडी ठरवण्यापूर्वी दोन्ही बाजूंची अक्षरं वाचा.

फोटोत समुद्र निळाशार, पण अभिप्रायांत ‘कुजका वास’ असं लिहिलेलं आहे. हॉटेल तेच, मग फरक कशाने? – एक वाचक, घोडबंदर रोड

महिन्याने आणि दिशेने. तो वास सारगॅसमचा. हे तपकिरी रंगाचं तरंगणारं समुद्री शेवाळ 2011 पासून अटलांटिकमधून मोठ्या प्रमाणावर कॅरिबियनकडे येतं, साधारण मार्च-एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत. किनाऱ्याला लागून कुजलं की त्यातून हायड्रोजन सल्फाइड सुटतो, म्हणून सडक्या अंड्यासारखा वास येतो. त्याने चांदीचे पैंजणही काळे पडतात. दमा असलेल्यांनी अशा ढिगांपासून लांबच राहावं.

म्हणजे आम्ही सुचवलेल्या मे महिन्यात वादळ नाही, पण शेवाळ आहे. यावर उपाय किनाऱ्याच्या निवडीत आहे. या भागात वारा वर्षभर पूर्वेकडून वाहतो. त्यामुळे प्रत्येक बेटाची पूर्व बाजू वाऱ्याच्या तोंडावर असते : लाटा मोठ्या, ओढ जोरदार, शेवाळही तिथेच येऊन पडतं. पश्चिम बाजू वाऱ्याआड असल्यामुळे शांत. बार्बाडोसला होलटाऊन, पेन्स बे, मलिन्स हा पश्चिम किनारा पोहण्याचा. पूर्वेचं बॅथशीबा बघायला फार सुंदर आहे, पण ते लाटांवर फळी चालवणाऱ्यांचं. तिथे पाण्यात उतरू नये. ग्रेनेडाची ग्रँड आन्स ही सुमारे तीन किलोमीटरची पुळणही वाऱ्याआडच आहे. हॉटेलचं नाव नकाशावर टाका आणि ते बेटाच्या कोणत्या बाजूला आहे ते पाहा. फोटोंमधून हे कधीच कळत नाही.

हॉटेल अगदी वाळूवरच हवं असाही हट्ट नको. बार्बाडोसमध्ये सगळे किनारे सार्वजनिक आहेत. रस्त्यापलीकडची खोली घ्या आणि महागड्या हॉटेलासमोरच्याच पाण्यात पोहा. सगळ्याच देशांत अशी मोकळीक नसते. जमैकात बऱ्याच पुळणींवर प्रवेशशुल्क असतं किंवा त्या हॉटेलांच्या ताब्यात असतात.

अलिबाग-काशिदची सवय असणाऱ्यांना आणखी एक फरक जाणवेल. आपल्याकडे उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीत चार-साडेचार मीटरचा फरक पडतो, ओहोटीला कुलाबा किल्ल्यात चालत जाता येतं. तिकडे बहुतेक ठिकाणी हा फरक हात-दीड हाताचा. त्यामुळे भरतीचं वेळापत्रक पाहून दिवस आखावा लागत नाही. वाळू पांढरी असते ती प्रवाळ आणि शिंपल्यांच्या चुऱ्यामुळे. पण सगळीकडे नाही. सेंट व्हिन्सेंट, डॉमिनिका ही ज्वालामुखीची बेटं आहेत आणि तिथल्या बऱ्याच किनाऱ्यांची वाळू काळी आहे. पांढऱ्या वाळूसाठीच जाणार असाल तर ती बेटं घेऊ नका. डोंगर, धबधबे, गरम पाण्याचे झरे हवे असतील तर मात्र डॉमिनिकासारखं बेट नाही.

आई-बाबा पूर्ण शाकाहारी, कांदा-लसूण चालतं. ‘सगळं समाविष्ट’ पॅकेज घ्यावं का? – एक वाचक, वाशी

घेऊ नका. अशा पॅकेजच्या किमतीचा मोठा भाग मद्याचा असतो. जे पीत नाहीत आणि मासे-मांस खात नाहीत, ते दुसऱ्यांचा खर्च भरतात आणि आठवडाभर पास्ता, कोशिंबीर, बटाटे खातात. स्वयंपाकघर असलेला दोन खोल्यांचा फ्लॅट घ्या. दुपारचं जेवण बाहेर, सकाळचं आणि रात्रीचं घरी.

बाजारात गेल्यावर कोकणातल्या माणसाला परकं वाटणार नाही. तिकडचं ‘ब्रेडफ्रूट’ म्हणजे आपला नीरफणस. ब्रिटिश नौदलातल्या कॅप्टन ब्लायने 1793 मध्ये त्याची रोपं पॅसिफिकमधून सेंट व्हिन्सेंट आणि जमैकात आणली. त्याचे काप रवा लावून तव्यावर तसेच होतात. ‘डशीन’ हा अळूचाच प्रकार, त्याचे कंद आणि पानं दोन्ही मिळतात. सुरणासारखे कंद, रताळी, भोपळा, भेंडी, वांगी, कच्ची केळी, छोले आणि वाटाण्याची डाळही मिळते. घरून न्यायचं ते इतकंच : चौघांना सात रात्रींसाठी एक किलो तूरडाळ, अर्धा किलो पोहे, गोडा मसाला शंभर ग्रॅम, मोहरी-जिरं-हिंग-हळद आणि मेतकूट. सगळं कंपनीच्या सीलबंद, छापील लेबलच्या पाकिटात. घरगुती डब्यातली पूड कस्टम्सला समजावून सांगत बसावं लागतं. तीन लिटरचा कुकर न्यायचा तर चेक-इन बॅगेत. हातातल्या बॅगेत तो सुरक्षा तपासणीत अडतो. अन्नपदार्थ आहेत का, या प्रश्नाला फॉर्मवर ‘हो’ लिहा. लपवलं तर दंड होतो. दाखवलं तर फार तर एखादं पाकीट काढून घेतात. फळं, बिया, रोपं नकोत. लंडनला बाहेर पडणार असाल तर तूप, पेढे, बर्फी ठेवू नका. युरोपबाहेरून आलेले दुधाचे पदार्थ आणि मांस ब्रिटनमध्ये नेता येत नाही.

बाहेर खाताना काही पदार्थ नाव ऐकून शाकाहारी वाटतात, पण नसतात. ‘राइस अँड पीज’ म्हणजे साधा भात-वाटाणा समजून मागवतात, बार्बाडोसला त्यात खारवलेल्या डुकराच्या शेपटीचा तुकडा घालायची पद्धत आहे. ‘कॅलालू’ हे अळूच्या पानांचं फतफतं, पण त्यात बऱ्याचदा खेकडा किंवा खारं मांस असतं. ‘नो मीट’ एवढं म्हणून भागत नाही. ‘नो मीट, नो फिश, नो सॉल्टफिश, नो पिगटेल’ असं पुरं सांगा. ‘मॅकरोनी पाय’, म्हणजे चीज घालून भाजलेली मॅकरोनी, चालेल, त्यात अंडं आहे का तेवढं विचारा. रास्ताफारी या तिकडच्या धार्मिक पंथाच्या लोकांचं ‘आयटल’ जेवण जवळजवळ नेहमी शाकाहारी असतं. त्यात मीठ नसतं किंवा अगदी कमी, तेव्हा मिठाची पुडी जवळ ठेवा.

त्रिनिदादला भारतीय जेवण सहज मिळतं म्हणतात. मग तिकडेच का जाऊ नये? – एक वाचक, ऐरोली

जेवणासाठी त्रिनिदादला तोड नाही. 30 मे 1845 ला ‘फातेल रझाक’ जहाजातून तिथे पहिले भारतीय मजूर उतरले, आणि त्यांच्या वंशजांचं जेवण आता साऱ्या बेटाचं झालं आहे. सकाळी रस्त्यावर मिळणारे ‘डबल्स’, म्हणजे दोन मऊ ‘बारा’ आणि त्यांत छोले, किंवा डाळ भरलेली ‘धालपुरी’, घरातली शाकाहारी ज्येष्ठ मंडळीही निर्धास्त खातील. पोहण्यासाठी मात्र टोबॅगोला जावं : पिजन पॉइंट, बको रीफ.

पण त्रिनिदाद बेट पीतज्वराच्या (यलो फीवर) जोखमीच्या यादीत आहे. तिथे शिरताना आपल्याला अडचण येत नाही, येते ती परत येताना. लशीचं प्रमाणपत्र नसेल तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते, तिथेच पिवळी पुस्तिका मिळते, आणि ती दहा दिवसांनंतर ग्राह्य धरतात. म्हणून लस निघायच्या आदल्या आठवड्यावर ढकलू नका, महिनाभर आधी नाव नोंदवा. एकदा घेतली की प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. ही लस जिवंत विषाणूंची असते. साठीच्या पुढचे, अंड्याची ॲलर्जी असलेले, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं घेणारे आणि गर्भवती यांनी आधी डॉक्टरांशी बोललंच पाहिजे. बरोबरच्या ज्येष्ठांना लस देता येत नसेल, तर त्रिनिदाद सोडून द्या. पनामामार्गे जाणारं तिकीटही याच कारणासाठी तपासा.

डासांपासून सगळ्याच बेटांवर जपा. डेंगी आणि चिकुनगुनिया तिकडेही आहेत, आणि झिकामुळे गर्भवतींनी ही सहल पुढे ढकलावी.

दोघांनाही पोहता येत नाही, नवऱ्याला मायनस चारचा चष्मा आहे. स्नॉर्केलिंग (मास्क आणि श्वासनळी लावून पाण्याखालचं बघणं) जमेल? – एक वाचक, नेरूळ

जमेल, कंबरभर पाण्यापासून सुरुवात केली तर. लाइफ जॅकेट घालूनच उतरा. मास्क घेताना पट्टा न लावता तो चेहऱ्यावर टेकवा आणि नाकाने श्वास आत ओढा. हात सोडल्यावर चिकटून राहिला तर माप बरोबर. केस मधे आले की पाणी शिरतं. मिशी असेल तर वरच्या ओठावर व्हॅसलीनचा थर द्या. काच धुरकट होऊ नये म्हणून आतून बेबी शॅम्पूचा एक थेंब चोळा आणि हलकंच विसळा. चष्म्यावर मास्क बसत नाही. नंबरच्या काचांचा मास्क इथूनच घेऊन जा, तिथे आपला नंबर मिळेलच असं नाही. बार्बाडोसच्या कार्लाइल बेमध्ये उथळ पाण्यात बुडालेली जहाजं आणि कासवं दिसतात. कासवांना हात लावू नका, प्रवाळावर उभं राहू नका. मिशा फुटल्यासारखे काळे काटे असलेल्या समुद्री अर्चिन या गोळ्यासारख्या प्राण्याचा काटा पायात मोडतो, म्हणून रबरी तळाचे बूट घाला.

ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे जोर लावू नका. तरंगत राहा, हात वर करा, आणि जमेल तसं किनाऱ्याला समांतर सरका.

सनस्क्रीन लोक फारच कमी नेतात. मोठ्या माणसाच्या पूर्ण अंगाला एका वेळी सुमारे 30 मिली लागतं आणि दर दोन तासांनी पुन्हा लावावं लागतं. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट आणि गुडघ्यापर्यंतची पँट घातली तर निम्म्यावर भागतं. म्हणजे रोज चार तास पाण्यात असाल तर दोघांना सात दिवसांत साधारण 400 मिली. अरुबात ऑक्सिबेन्झोन असलेली, आणि बोनेअर व अमेरिकी व्हर्जिन बेटांवर ऑक्सिबेन्झोन किंवा ऑक्टिनोक्सेट असलेली क्रीम प्रवाळासाठी घातक म्हणून बंद आहेत. झिंक ऑक्साइडची घ्या.

पैसे कसे न्यावेत? गाडी चालवता येईल? – एक वाचक, पाचपाखाडी, ठाणे

नोटा एका प्रवासाला माणशी 3000 अमेरिकी डॉलरपर्यंत नेता येतात, बाकी फॉरेक्स कार्डावर. बार्बाडोसचा डॉलर अमेरिकी डॉलरच्या नेमका निम्मा आहे, आणि ग्रेनेडा, डॉमिनिका वगैरेंचा पूर्व कॅरिबियन डॉलर एका अमेरिकी डॉलरला 2.70. दरपत्रकावर नुसतं डॉलरचं चिन्ह असतं, म्हणून कोणते डॉलर ते टॅक्सीत बसण्याआधी विचारा. परदेशी पॅकेजवर एजंट टीसीएस, म्हणजे पैसे घेतानाच आगाऊ आयकर, वसूल करतो. त्याचा दर अर्थसंकल्पात बदलतो, पण ती रक्कम आयकर विवरणात परत मागता येते. पावतीवर पॅन बरोबर आहे ना, पाहा.

बार्बाडोस, ग्रेनेडा, जमैकात वाहतूक आपल्यासारखी डावीकडून, अरुबा-कुरासावला उजवीकडून. आंतरराष्ट्रीय परवाना आपल्या आरटीओत मिळतो, काही देश वर स्थानिक तात्पुरता परवाना घ्यायला लावतात, तो भाड्याची गाडी देणारेच देतात. पण बार्बाडोससाठी गाडीची गरज नाही. सगळं बेट सुमारे 430 चौरस किलोमीटर, आपल्या साष्टीपेक्षा लहान. पश्चिम किनाऱ्याने ब्रिजटाऊन ते स्पाइट्सटाऊन बस धावते आणि अंतर कितीही असो, भाडं साडेतीन बार्बाडोस डॉलर. सुटे पैसे ठेवा.

इथली विजेची किटली तिथे चालेल का? आणि लहान मुलांसाठी वेगळी काळजी? – एक वाचक, कोपरखैरणे

बार्बाडोसला वीज 115 व्होल्ट. आपली 230 व्होल्टची किटली जळणार नाही, पण व्होल्टेज निम्मं झालं की उष्णता चौथाईवर येते. चार मिनिटांत उकळणारं पाणी पंधरा-वीस मिनिटं घेईल. फ्लॅटमधली किटली वापरा. मोबाइलचे चार्जर चालतात, चपट्या दोन पिनांचा अडॅप्टर न्या. सेंट लुसिया, ग्रेनेडात 220-240 व्होल्ट आहे, तिथे चौकोनी तीन पिना लागतात.

मुलांच्या बॅगेतून लष्करी ठिपक्यांच्या चड्ड्या, टोप्या, सॅक काढून ठेवा. बार्बाडोस, जमैका, त्रिनिदाद, सेंट लुसिया इथे असं कापड सामान्य नागरिकाने वापरणं गुन्हा आहे, लहान मुलांनाही सूट नाही.

आणि किनाऱ्यावर मँचिनीलचं झाड मुलांना पहिल्याच दिवशी दाखवा. चकचकीत हिरवी पानं, खाली पडलेली छोट्या हिरव्या सफरचंदासारखी गोडसर वासाची फळं. बुंध्यावर बऱ्याच ठिकाणी लाल पट्टा रंगवलेला असतो किंवा पाटी असते, पण प्रत्येक झाडावर नसते. फळ खाल्लं तर तोंड-घसा भाजतो, चीक लागला की फोड येतात, आणि पाऊस आला म्हणून त्याखाली उभं राहिलं तर पानांवरून गळणाऱ्या पाण्यानेही अंगावर फोड उठतात. चीक लागलाच तर डोळ्यांना हात लावू न देता साबण आणि भरपूर पाण्याने धुवा. डोळ्यात गेला किंवा फळ चावलं, तर थेट दवाखाना.